तीन बटणांची डबी

साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. दुपार टळत आली होती. सून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कानांना हेडफोन लावून वकिलाची टेप ऐकत होती आणि ऐकेल तसं टाईप करत होती. संध्याकाळी वकिलाचा माणूस कागद न्यायला येणार, आणि टेप अजून निम्मी बाकी.

टाईपरायटरशेजारी साबणाच्या वडीएवढी पत्र्याची एक डबी होती. ती दिराने बनवलेली. तो रेडिओ दुरुस्त करायचा. डबीत तीन वायरी शिरत. एक टेपरेकॉर्डरची, एक आत तान्ह्या लेकीच्या, चिमीच्या पाळण्यावरून आलेली, आणि एक सासूबाईंच्या उशाशी ठेवलेल्या, जुन्या टेलिफोनमधून काढलेल्या रिसीव्हरची. तिन्ही आवाज एकत्र होऊन सुनेच्या कानात येत. प्रत्येकाला फिरवायचं एकेक बटण. सासूबाईंना छातीच्या दुखण्याने हाक मारण्याइतकाही आवाज उरला नव्हता, आणि टाईपरायटर त्यांच्या खोलीत नेला तर खडखडाटाने त्यांचा डोळा लागत नसे.

"वहिनी, हिला ना वीज, ना बॅटरी," दीर म्हणाला होता. "म्हणजे हिच्या अंगात स्वतःचा जोर नाही. एकाला वाढवलंत की बाकीचे दोघे बारीक होणार."

"आपल्या घरासारखीच की मग."

झालंही तसंच. वकील बोलायचा तोंडातल्या तोंडात. त्याला वाढवावं तर सासूबाईंची घरघर विरून जाई. घरघर वाढवावी तर वकील कुजबुजू लागे. कोर्ट ऐकावं की जीव ऐकावा, हेच दिवसभर. काल भरलेलं पान शेवटच्या ओळीत बिघडलं, तेव्हा ती स्वतःशीच पुटपुटली होती, "सुटतील बिचाऱ्या, आणि मीही सुटेन एकदाची." बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. पण घरात ऐकायला होतं कोण? नवरा फिरतीवर, आणि चिमी पाळण्यात.

आज तिने मन घट्ट करून वकिलाचं बटण वाढवलं आणि पानभर मजकूर एका दमात उरकला. मग बटण खाली आणलं.

घरघर नव्हती.

तिने सासूबाईंचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. चिमीचं चोंदलेलं नाक तेवढं ऐकू येत होतं. टेप बंद केली. वायर हलवून पाहिली. डॉक्टर जाताना म्हणाले होते, "घरघर ऐकू आली तर घाबरू नका. यायची थांबली तर मला बोलवा." ती उठली ती हेडफोनसकट. डबी टेबलावरून ओढली जाऊन खणकन खाली पडली, आणि ती तशीच आत धावली.

सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. रिसीव्हर दोन्ही हातांनी, तोंडापासून दूर, कानाशी घट्ट धरलेला.

"का गं बंद केलंस?" त्या अडखळत, हळू आवाजात म्हणाल्या. "त्या बाईला खोली मिळाली की नाही?"

सुनेने हेडफोन कानांवरून खाली ओढले. "कुठली बाई, आई?"

"टेपवरची ती गं, दिरांनी हाकललेली. तू आवाज वाढवलास की छान ऐकू येतं. आज म्हटलं, कानाशीच घ्यावं."

ज्या वायरीतून इकडचा श्वास तिकडे जात होता, त्याच वायरीतून तिकडचं सगळं इकडे येत होतं. इतक्या दिवसांत हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. टेपचं येत होतं, आणि कानांवरचे हेडफोनच बोलणं उचलत असल्याने ती जे काही बोलेल, तेही. ती पलंगाच्या कडेला बसली.

"आणि काल मधेच एक दुसरी बाई बोलली," सासूबाई दम खात म्हणाल्या. "सुटतील बिचाऱ्या, मीही सुटेन, असं काहीतरी. ती कोण? वकिलाची अशील का?"

सुनेने त्यांचं पांघरूण सारखं केलं. "हो," ती कशीबशी म्हणाली.

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "मला वाटलंच. फार दमलेली वाटली. तिला म्हणावं, कोर्टाची कामं ही, घाई करून होत नाहीत. जा, लाव टेप."

रात्री दिराला कळलं तेव्हा तो पोट धरून हसला. "वायरीला येणं काय नि जाणं काय, सारखंच! थांबा, आत एक भाग बसवतो, म्हणजे आवाज एकाच बाजूने येईल. बॅटरी तेवढी घालावी लागेल."

"नको," वहिनी म्हणाली. "आहे तशीच राहू दे. पोचा आलाय तेवढा काढ."

दिराने पुढे परगावी दुकान थाटलं, ते चांगलं चाललं. चिमी शिकली, लग्न होऊन लांब गेली. आठवड्याला फोन करते आणि आईला बोलू देत नाही. वकील न्यायाधीश झाला आणि शेवटपर्यंत तोंडातल्या तोंडातच बोलला. त्या बाईला खोली मिळाली, पण मोरी सामाईक. सासूबाईंना तो निकाल मुळीच पटला नाही.

सासूबाई पुढच्या हिवाळ्यात गेल्या. रिसीव्हर धरायची ताकद तेव्हा हातात उरली नव्हती. सुनेनेच तो कानाजवळ उशीला बांधून दिला होता. घरघर थांबली ती तिला टेबलाशी बसल्या जागी कळलं. टेपवर वकील बोलत होता. तिने त्याचं बटण आणखी थोडं वाढवलं, आणि मग हेडफोन काढून आत गेली.