हाव म्हणत तिसरा मजला

पार्वतीबाई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली ती बसलीच. एका अंगाला पिठाचा डबा, दुसऱ्या अंगाला शेगडी. वर बघायचं न्हाई म्हणून रस्त्याकडं बघायली. क्लासची पोरं पाठीला दप्तरं अडकवून मुंगळ्यांसारखी रांगेनं जायली होती.

घरमालकीण बेगमबी कमरेवर हात ठेवून उभी. बाई वाईट न्हवती, पण तिचा नियम एकच. तिच्या इमारतीत पोरगी एकटी ऱ्हाणार न्हाई, संगट घरचं मोठं माणूस पाहिजे.

"पार्वतीबाई, दोन रात्री तुम्ही माझ्या अंगणात काढल्या. मी काही बोलले का? पण पोरगी वर एकटी अन् तुम्ही खाली, हे कसं चालंल? आज वर जावा, न्हाईतर नातीला घेऊन गावाकडं जावा. बुरा मानू नका."

"बुरा कशाचा, आपा. इमारत चांगलीच हाय तुमची. पण भूकंपापासून मी स्लॅबखाली झोपले न्हाई. पत्रा डोक्यावर पडला तर टेंगूळ येतंय. स्लॅब पडला तर..."

लातुरात ह्याच्या पुढचं कुणी विचारत न्हाई.

वर तिसऱ्या मजल्यावर नात मनिषा पुस्तक उघडून बसली होती, पण कान जिन्यात. डॉक्टरकीची परीक्षा तोंडावर आलेली. हॉस्टेलच्या मेसचं खाऊन कावीळ झाली म्हणून तर ही खोली घेतली अन् आजी रांधायला आली. आता आजी गेली की खोली गेली, अन् खोली गेली की क्लास गेला. सकाळी तिनं आजीला हाताला धरून वर आणायला बघितलं. चार पायऱ्यांवर आजीनं मान वर केली, स्लॅब दिसला, अन् म्हातारी बसल्या बसल्या खाली घसरत गेली.

क्लासचे सर टेस्टच्या आधी पोरांना मेसेज धाडायचे. हळू वाचा, वाचता वाचता श्वास हळू होतोय, असलं काही. इमारतीतल्या पोरी त्याला संमोहनाचा मेसेज म्हणायच्या अन् हसायच्या, पण हाताचं कापणं थांबायचं खरं. मनिषाच्या मनात आलं, वाचणारं माणूस वर कुठं बघतंय? अन् आजी तर साक्षरतेच्या वर्गात शिकलेली. अक्षराखाली बोट धरून, मोठ्यानं वाचणारी.

पार्वतीबाईच्या हातातला फोन वाजला.

"आ-जी, तु-झे डो-ळे जड हो-त आ-हेत."

पार्वतीबाईनं वाचलं अन् जिन्यात ओरडली, "डोळे न्हाई, डबा जड हाय."

दुसरा आला. "तुझी भीती निघून जात आहे."

"कुठं जायली? हितंच बसली माझ्या शेजारी."

बेगमबी तोंडाला पदर लावून हसली. मग जिन्यात तोंड करून म्हणाली, "मनिषा, सरांचं नको लिहू गं. खरं खरं लिही."

मग फोन वाजला.

"आजी, तू बसलीस."

"हाव," पार्वतीबाईनं होकार दिला.

"पायरी गार हाय."

तिनं हात लावून बघितलं. "हाव."

"तुझ्या हातात कठडा हाय."

कठडा हातात न्हवता. तिनं धरला. "हाव."

"तू उभी हायस."

वाचता वाचता म्हातारी उभी ऱ्हायली. "हाव."

वरून मनिषा कान देऊन ऐकायची. आजीचा हाव आला की मगच पुढचं लिहायची. उजवा पाय वरच्या पायरीवर हाय. हाव. डावा त्याच्या शेजारी हाय. हाव. मागून बेगमबी डबा अन् शेगडी उचलून, चपलांचा आवाज न करता चढायली होती. म्हातारीची नजर फोनात, अंगठा अक्षराखाली.

दुसऱ्या मजल्यावर जिना थरथरला.

पार्वतीबाईचा हात कठड्यावर आवळला. बेगमबी पायरीवर खिळली. वर मनिषाचाही अंगठा थांबला. काही झालं न्हाई असं लिहिलं असतं तर आजी तिथूनच माघारी गेली असती.

फोन वाजला.

"आजी, जिना हालला."

म्हातारीनं ते दोनदा वाचलं. "हाव."

"खालून पाण्याचा टँकर गेला."

तिनं कान दिला. टँकर चौकाकडं गुरगुरत चालला होता. "हाव."

"भिंत हाय तशी हाय."

पार्वतीबाईनं तळहात भिंतीला लावला. गाय गाभण हाय का बघतात तसा, सगळा पंजा टेकवून. मग म्हणाली, "हाव."

तिसऱ्या मजल्यावर दारात मनिषा फोन घेऊन उभी होती. "आलीस?"

"तूच तर लिहिलंस."

बेगमबीनं डबा-शेगडी आत ठेवली अन् खाली गेली.

पार्वतीबाई दाराजवळच चटईवर आडवी झाली. पाय दाराकडं, चपला पायातच. "मी झोपणार न्हाई. नुसती पडते. तू वाच."

"हृदयाचे कप्पे वाचायले, आजी. तुला काय कळायचं?"

"मला कळायसाठी न्हाई. आवाज येऊ दी. हळू वाच."

मनिषा वाचायला लागली. रक्त उजवीकडून आत येतं, फुप्फुसात जातं, फिरून डावीकडं येतं. पान संपता संपता मागं काही पडल्याचा आवाज आला. तिनं वळून बघितलं. आजीची एक चप्पल फरशीवर गळून पडली होती. दुसरी अजून पायात होती.

मनिषानं ती तशीच ऱ्हाऊ दिली, अन् पुढची ओळ वाचली. जरा आणखी हळू.