पदकावरची नायिका

पलूसच्या हौशी नाट्यमंडळाला पन्नास वर्षं झाली, म्हणून सांगलीच्या शिल्पकार संयोगितानं ब्राँझचं पदक घडवलं. पदकावर मंडळाची गाजलेली नायिका होती, म्हणजे लुगडं नेसलेले कैलासवासी गुंडाबापू. पहिलं पदक त्यांच्या बायकोला, दगडाबाईंना दिलं. त्यांनी नवऱ्याचं नाटक कधीच पाहिलं नव्हतं. तेव्हा घरच्या बायका जात नसत.

दगडाबाई पदक डोळ्यांजवळ धरून नाकावरून अंगठा फिरवत राहिल्या. संयोगिताला राहवेना.

"आजी, चेहरा जमला नाही का?"

"जमलाय की. कशावरनं केलास गं?"

"साताऱ्याच्या स्पर्धेतल्या फोटोवरून. नथीचे मोतीसुद्धा स्पष्ट दिसत होते."

"ती नथ माझी हाय. साताऱ्यासनं आल्यावर ह्येच म्हणाले, तू कृष्णामाईची ओटी भरताना पाण्यात पडली असंल. माझ्यासंगं दिसभर नदीत उतरून हुडकत हुते."

दगडाबाईंनी पदक पदरानं पुसलं.

"लोकं इचारायची, मालकाचं नाटक कवा बघितलंस का? आता सांगीन, बघितलंय की. कृष्णेच्या पाण्यात, पार जवळनं."