गळ्यापर्यंत कापूस

हीटर लावला की वामनरावांना थंडीपेक्षा बिलानंच कापरं भरायचं. म्हणून यंदा ते भाववाढीची वाट पाहत घरात साठवलेल्या कापसाच्या ढिगात सरळ गळ्यापर्यंत शिरले. मागोमाग शालूबाई, मग पोरगा हर्षल. अंगाला खाज सुटायची, पण खाजेचं बिल येत नव्हतं.

नेमका ऐन पौषात भाव चढला आणि सकाळी सकाळी व्यापारी कुडकुडत दारात हजर झाला.

"आता काय पांघराचं?" शालूबाई पुटपुटल्या. वामनरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

व्यापाऱ्यानं माल पाहायला ढिगात हात घातला. आधी मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. त्यानं डोळे मिटले.

"ओल हाये मालात. होळीपर्यंत राहू द्या."

वामनरावांचा जीव भांड्यात पडला.

"हर्षल, सरक बे जरासा. शेठले बसू दे."