स्टेंटरची पूजा

रुपराव स्टेंटरच्या पोटात होता, आणि बाहेर आरती सुरू झाली.

स्टेंटर म्हणजे मिलच्या फिनिशिंग खात्यातलं सगळ्यात लांब यंत्र. ओल्या कापडाचे दोन्ही काठ दोन साखळ्यांवरच्या सुयांत अडकायचे, साखळ्या कापडाला ताणून धरत गरम पेटीतून ओढून न्यायच्या, आणि पलीकडून कोरडा, ताठ तागा बाहेर यायचा. पेटी चांगली खोलीएवढी. खंडेनवमीला यंत्र लख्ख हवं म्हणून रुपराव तिच्यात शिरला होता. सुयांखाली कापसाची जळमटं साचली होती, आणि आपल्या यंत्राला दुसऱ्याचा हात लागलेला त्याला खपायचा नाही. शिरण्याआधी त्याने नियमाप्रमाणे बटनावर लाल पत्र्याची पाटी लटकवली होती: 'आत माणूस आहे.'

पण बटनाला हार घालायचा म्हणून कोणीतरी ती पाटी काढली. पेटीच्या दारावर स्वस्तिक काढायचं म्हणून कोणीतरी दार लोटलं, आणि बाहेरची कडी बसली. रुपरावला हे कळेपर्यंत झांजा वाजायला लागल्या होत्या.

दाराला तळहाताएवढी काच होती. दार आणि साखळी यांच्यात माणूस कसाबसा आडवा मावेल एवढी जागा. तिच्यातून सरकत तो काचेपाशी आला. पाटी त्याला दिसली. ती उलटी करून तिच्यावर निरांजनाचं ताट ठेवलं होतं.

पान्हा घेऊन तो दारावर ठोकू लागला.

"वा! आज ठेका जमून राहिला," बाहेर कोणीतरी म्हणालं, आणि टाळ्या त्याच्या ठोक्यावर पडू लागल्या.

घामाने पान्हा हातातून निसटला आणि खाली गरम हवा फिरवणाऱ्या पंख्यांच्या खड्ड्यात गेला. मग त्याने मूठ आपटली. दारात दोन पत्र्यांमध्ये जाड भराव होता. गादीवर बुक्की मारावी तसा आवाज आला. तो ओरडला. तोंडात जळमट गेलं, ठसका लागला, पुन्हा ओरडला. शेवटी घशातून नुसती हवा यायला लागली.

आरतीनंतर काय होतं हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मिलची रीतच होती. ज्याचं यंत्र, त्याने आणि त्याच्या बायकोने जोडीने हिरवं बटन दाबायचं आणि रिकामं यंत्र थोडं फिरवायचं. यंदा मान रुपरावचा. त्यासाठी त्याची बायको देवकी सक्करदऱ्याहून नवं लुगडं नेसून आली होती. आपल्यावाचून बटन कसं दाबतील, अशी त्याने मनाची समजूत घातली. पण खात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, होता चंपतराव. मुहूर्त म्हटला की त्याला सख्खा भाऊ दिसत नसे.

आरती संपली.

"दाबा जी वहिनी," चंपतराव म्हणाला. "मुहूर्त चालला. रुपराव पान खाऊन राहिला असन कुठंतरी."

"ते आल्याबिगर कसं दाबू?" देवकी म्हणाली.

"मंग आवाज द्या त्याले!"

देवकीने पदर सावरला. "अहो! ऐकता का जी?"

चारपाच पुरुषांनी एकदम 'ओ' दिली. खातं हसून लोटपोट झालं. आत रुपरावला रडू फुटलं. हसणाऱ्यांत त्याच्याच हाताखालची माणसं होती.

"असं नाही चालत वं," चंपतरावची बायको जिजाबाई पुढे झाली. "नाव घे चांगलं, येतीन धावत."

देवकी लाजून मान हलवत राहिली. लग्न झाल्यापासून तिने कधी ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. जिजाबाईला एवढा दम नव्हता. तिने देवकीचा हात धरला, हिरव्या बटनावर टेकवला आणि वरून आपल्या हाताने दाबला.

साखळीने आचका दिला.

रुपरावने अंग चोरलं, पण सदऱ्याची बाही सुयांनी धरलीच. आधी बाही गेली, मग दंडाची कातडी. यंत्र त्याला कापडासारखं ओढत पुढे न्यायला लागलं. खाली पंखे घुमू लागले. काच डोळ्यांपासून सरकताना त्याला देवकी दिसली. ती मान खाली घालून यंत्राच्या पायथ्याशी बघत होती. तिथे त्याच्या चपला होत्या. देवळात शिरावं तशा त्या काढून ठेवल्याशिवाय तो यंत्रात पाय टाकत नसे. घरी ही गोष्ट तिला कौतुकाने सांगायचा.

"रुपराव!" देवकी किंचाळली. "रुपराव आत हायेत! रुपराव! थांबवा वं माय, रुपराव हायेत आत!"

चंपतरावने लाल बटनावर हार, फुलं सगळ्यांसकट पंजा मारला.

सुयांतून बाही सोडवायला कात्री लागली. रुपरावला बाहेर काढून बाकावर बसवलं तेव्हा दंडावरून रक्त गळत होतं, आणि दात एकमेकांवर वाजत होते. कोणी पाणी आणलं, कोणी अँब्युलन्सला फोन करायला धावलं. चंपतराव त्याच्यासमोर हात जोडून उभा होता.

देवकी मात्र नवऱ्याजवळ गेली नाही. खांबाला टेकून ती पदराने तोंड पुसत होती, पुन्हा पुन्हा, ओठ सोलून निघतील इतकं.

जिजाबाई तिच्याजवळ गेली. "वाचले ना वं ते. आता काहून घाबरून राहिली?"

"जिजाबाई," देवकी हळूच म्हणाली, "नाव घेतलं तं नवऱ्याचं आयुष्य कमी होते म्हणतेत. म्या तं कितीक खेपा घेतलं वं."