नवसाचे दाणे

"घरी कबुतरं येतात का?" डॉक्टरांनी विचारलं.

महिनाभर ह्यांचं डोकं ठणकत होतं. काल मणक्यातून काढलेल्या पाण्यात बुरशी सापडली. कबुतरांच्या वाळक्या विष्ठेतून ती श्वासात जाते, आणि किडनी बदललेल्या माणसाच्या थेट मेंदूत शिरते, म्हणे. आता फार आशा नव्हती.

माझी किडनी ह्यांना मानवली तर रोज पाखरांना दाणे घालीन, असा नवस मीच बोलले होते. सात महिने एकही सकाळ न चुकवता ह्यांच्या उशाजवळच्या खिडकीत ज्वारी टाकत होते.

खरं सांगायला मी तोंड उघडलं, तोच ह्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"नाही हो डॉक्टर," डोळे मिटूनच हे म्हणाले. "आमची खिडकी कायम बंदच असते."