पहिला बाक

“थांबा, पाळकसाहेब. माझी नात पापी नाय.”

कडूबाई उठून उभ्या राहिल्या तेव्हा अभय पाळकांचा हात बाप्तिस्म्याच्या पाण्यात होता. छावणीतल्या त्या जुन्या चर्चमध्ये सगळ्यांच्या माना त्यांच्याकडं वळल्या. बाळ तेवढं आपल्या बापाच्या, इंद्रजीतच्या हातांवर निवांत झोपलं होतं. त्याची आई विशाखा मात्र पांढरी पडली. लेकीनं ख्रिस्ती घरात लग्न केलं म्हणून रुसलेली तिची ही आई आज पहिल्यांदाच सासरच्या माणसांत आली होती. ती आता अशीच निघून गेली, तर पुन्हा येणार नाही, हे विशाखाला पक्कं ठाऊक होतं.

पाळकांनी वाचलं होतं ते दर बाप्तिस्म्याला वाचतात तेच. हे बाळ पापी स्वभाव घेऊन जन्माला आलं आहे, त्याला प्रभूच्या कृपेची गरज आहे. आजवर कुणी हरकत घेतली नव्हती. खरं तर कुणी नीट ऐकलंच नव्हतं.

आज दोघींनी ऐकलं. कडूबाईंनी, आणि पहिल्या बाकावरच्या सुलेखाबाईंनी. सुलेखाबाई म्हणजे इंद्रजीतच्या आई. घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती, तेव्हा पहिला बाक आपलाच, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलेलं. पापाचं वाक्य आलं तशी त्यांनी समाधानानं मान डोलावली होती. सकाळीच चहा देताना, विहीणबाईंना ऐकू जाईल अशा बेतानं त्या म्हणाल्या होत्या, “आमच्याकडून काही यायचा प्रश्नच नाही. आईकडून जे काय आलं असेल, ते आज धुऊन निघेल.” कडूबाईंना ते फार लागलं होतं. चहा तसाच खाली ठेवून, लेकीसाठी त्या गप्प बसल्या होत्या.

आता त्या गप्प बसणार नव्हत्या.

“माझ्या आईला गावच्या हिरीवर चढू देत नव्हते,” त्या म्हणाल्या. “जन्मानंच बाटलेली म्हणायचे. ते सगळं मागं टाकून आम्ही बुद्धाच्या वाटंला लागलो. आता ह्या लेकराला बी जन्मावरून बोलणार व्हय तुम्ही? तिनं केलंय काय?”

“काहीच नाही,” पाळक म्हणाले.

ते वाक्य गाळून पुढं जाणं सोपं होतं. इंद्रजीतच्या डोळ्यांत तीच विनवणी होती. पण अभय पाळकांचं बोलणं मऊ असलं तरी माणूस मऊ नव्हता. हात पाण्यातून काढून ते कडूबाईंसमोर येऊन उभे राहिले.

“मावशी, तुमच्या आईला बाटलेली म्हणणारे स्वतःला शुद्ध समजत होते. इथं ती सोय नाही. माणूस एकट्याच्या बळावर चांगला होत नाही, असं आम्ही मानतो. मीसुद्धा असाच जन्मलो. यातून कुणी म्हणजे कुणीही सुटत नाही.”

“पाटील बी?”

“पाटीलसुद्धा.”

कडूबाईंनी पहिल्या बाकाकडं पाहिलं. “अन् चार पिढ्यांचे ख्रिस्ती?”

“तेही. चाळीस पिढ्या झाल्या तरी तेच. म्हणून तर पाणी सगळ्यांना एकच.”

सुलेखाबाईंची मान डोलायची थांबली. त्या उगाचच पदर नीट करू लागल्या.

कडूबाईंचं सकाळपासून जड झालेलं मन एकदम हलकं झालं. त्या पुढं गेल्या, जावयाच्या हातातून त्यांनी नातीला आपल्या कुशीत घेतलं आणि पाण्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

“मला पटलं नाय अजून,” त्या म्हणाल्या. “पण आत्ता बोललात ना, तेवढं परत बोला. अन् जरा जोरात, पाळकसाहेब. पहिल्या बाकापर्यंत गेलं नाय वाटतं.”