साहेबांच्या बाजूचं दार

चालकाविना चालणाऱ्या गाड्यांसाठी म्हणे देश तयार करायचा होता, म्हणून तेरच्या ग्रामपंचायतीसमोर आम्ही सकाळपासून हार घेऊन उन्हात उभे. धाराशिवहून साहेब तसल्याच गाडीतून आले. गाडीनं म्हैस चुकवली, खड्डे चुकवले आणि मांडवासमोर अलगद थांबली. साहेब मात्र उतरेनात. काचेतून आमच्याकडं डोळे वटारून बघत बसले.

"बिघडली काय वो?" सरपंच घाबरले.

गर्दीतून ज्ञानोबा पुढं आला. "आता माणूस लागतोच कशाला?" म्हणत साहेबांनी गेल्याच महिन्यात त्याला ड्रायव्हरकीवरनं काढून घरी बसवलं होतं.

"गाडी बरी हाय," तो म्हणाला. "सायबांच्या बाजूचं दार म्या उघडत व्हतो."

आणि त्यानं हाताची घडी घातली.